पोटासाठी विकत घेतलेले जीवाणू

चातुर्मास लागला की खानदेशातील जैन घरांत दोन गोष्टींची चौकशी हटकून होते: कोणी कोणते तप धरले आहे आणि कोणाचे पोट बिघडले आहे. या दोन्हींचा एकमेकांशी संबंध असतोच असे नाही. परंतु पर्युषण ऐन पावसाळ्यात येते, आणि उपवास, पारणे व पावसाळी पाणी या सर्वांचा ताण एकाच वेळी पोटावर पडतो.

नंदुरबार जिल्ह्याच्या शहादा तालुक्यातील ब्राह्मणपुरी हे अशाच पट्ट्यातले गाव. ऊस, केळी, पपई आणि कापूस यांचा हा मुलूख. मोठ्या दवाखान्यासाठी शहादा किंवा नंदुरबार गाठावे लागते. अशा गावी किराण्याचे, कापडाचे वा बी-बियाण्यांचे दुकान चालवणाऱ्या कुटुंबात कोणी आजारी पडले, की डॉक्टरांच्या चिठ्ठीवर पुष्कळदा अँटिबायोटिक असते आणि त्याखाली आणखी एक कॅप्सूल लिहिलेली असते. 'ही पोटासाठी' एवढेच सांगितले जाते. घरातील आजी ती पट्टी हातात घेऊन तीन प्रश्न विचारतात. यात आहे काय? वरचे कवच कशाचे? आणि चौविहार असताना ही घ्यायची केव्हा? काउंटरवरच्या मुलाकडे या प्रश्नांची उत्तरे सहसा नसतात. प्रश्न मात्र तिन्ही नेमके आहेत, आणि त्यांची उत्तरे बऱ्याच अंशी वेष्टनावरच्या बारीक अक्षरांत दडलेली असतात.

या कॅप्सूलला प्रोबायोटिक म्हणतात. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या तज्ज्ञांनी २००१ मध्ये तिची जी व्याख्या ठरवली, तिचा आशय असा: जे सूक्ष्मजीव जिवंत आहेत, पुरेशा संख्येने पोटात जातात आणि घेणाऱ्याच्या आरोग्याला लाभ देतात, तेच प्रोबायोटिक. जिवंत, पुरेसे आणि लाभदायक या तीन अटींपैकी एकही मोडली, तर डबीवर काहीही छापलेले असो, आत उरते ती केवळ पावडर.

कल्पना जुनी आहे. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत काम करणारे रशियन शास्त्रज्ञ एली मेचनिकॉफ यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी असे मत मांडले, की बल्गेरियातील शेतकऱ्यांच्या दीर्घायुष्याचा संबंध त्यांच्या आंबवलेल्या दुधाशी असावा. त्यांना १९०८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले ते रोगप्रतिकारशक्तीवरील कामासाठी, दह्यासाठी नव्हे. जाहिरातींत ही दोन्ही कामे बेमालूम एकत्र केली जातात, म्हणून हा फरक लक्षात ठेवलेला बरा. पुढे जपानमध्ये मिनोरू शिरोता यांनी १९३० मध्ये एक विशिष्ट जीवाणू वेगळा काढून वाढवला आणि १९३५ मध्ये त्याचे पेय 'याकुल्ट' या नावाने बाजारात आले. आज तीच छोटी बाटली आपल्याकडच्या मोठ्या शहरांतील दुकानांच्या फ्रिजमध्येही दिसते.

'जिवंत' या शब्दापाशी जैन वाचक थबकतो, आणि ते स्वाभाविकच आहे. दह्याविषयी आपल्या घरांत मर्यादा आहेतच. दोन रात्री उलटलेले दही कित्येक घरांत वर्ज्य असते. काही परंपरांत मर्यादा याहूनही कडक. द्विदलाचा नियम तर सर्वपरिचित: कच्चे दही वा ताक आणि डाळी एकत्र येऊ द्यायच्या नाहीत, कारण त्या संयोगात द्वींद्रिय जीवांची उत्पत्ती शास्त्रकारांनी सांगितली आहे. म्हणूनच खानदेशात कळण्याची भाकरी घरोघर होत असली, तरी कळण्यात उडीद असल्यामुळे जैन घरात तिच्यासोबत कच्चे दही वाढले जात नाही. कढी करायची तरी ताक आधी तापवून घेतले जाते. ज्या घरात आहाराचा एवढा बारीक विचार होतो, तेथे कोट्यवधी जिवंत जीवाणू औषध म्हणून गिळण्याचा प्रश्न उठणारच.

विज्ञानाची बाजू एवढीच आहे की निरोगी माणसाच्या शरीरात आधीच सुमारे ३८ लाख कोटी जीवाणू वसतात, असा अंदाज इस्रायलच्या वाइझमन संस्थेतील संशोधकांनी २०१६ मध्ये मांडला. ही संख्या शरीराच्या स्वतःच्या पेशींच्या संख्येच्या जवळपास आहे, आणि यातील बहुतेक जीवाणू मोठ्या आतड्यात असतात. अँटिबायोटिकची एक मात्रा त्यांतील किती संपवते, हाही विचार मग करावा लागतो. कोणते घ्यावे, कोणते टाळावे, व्रतात कोणती सूट आहे, याचा निर्णय अर्थातच आपापल्या गुरुमहाराजांकडे वा साध्वीजींकडे. मात्र त्यांच्यासमोर प्रश्न ठेवताना वस्तू नेमकी काय आहे हे ठाऊक असावे. 'पोटाची गोळी' एवढ्यावर कोणीही योग्य निर्णय देऊ शकणार नाही.

आता लाभाकडे वळू. ज्या एका कारणासाठी ही कॅप्सूल खरोखर उपयोगी पडते असा पुरेसा पुरावा आहे, ते कारण म्हणजे अँटिबायोटिकमुळे होणारे जुलाब. लहान मुलांवरील ३३ चाचण्यांचा एकत्रित आढावा २०१९ मध्ये कॉक्रेन या नामवंत जागतिक संस्थेने प्रसिद्ध केला. त्यात ६,३५२ मुले होती. प्रोबायोटिक न घेणाऱ्या १०० मुलांमागे १९ जणांना जुलाब झाले, तर घेणाऱ्यांत ८ जणांना. दिवसाला ५०० कोटी वा त्याहून अधिक जीवाणू दिले तेव्हा परिणाम अधिक चांगला दिसला. हा आकडा लक्षात ठेवण्याजोगा आहे, कारण पुढे वेष्टन वाचताना तोच कामी येतो.

याच गोष्टीला दुसरी बाजूही आहे. वाइझमन संस्थेतूनच २०१८ मध्ये आलेल्या एका छोट्या अभ्यासात असे दिसले, की अँटिबायोटिक थांबल्यावर अनेक प्रकारांचे मिश्रण असलेले प्रोबायोटिक घेणाऱ्यांच्या आतड्यातील मूळचे जीवाणू पूर्ववत व्हायला उलट अधिक काळ लागला. म्हणजे बाहेरून आलेल्या पाहुण्यांनी घरच्यांची जागा अडवली. माणसे थोडीच होती, त्यामुळे त्यावरून अंतिम निष्कर्ष काढता येत नाही. परंतु 'घेतले तर नुकसान काय?' हा जो सर्रास युक्तिवाद होतो, तो या अभ्यासानंतर पूर्वीइतका निश्चिंतपणे करता येत नाही.

साध्या जुलाबांचे काय? अमेरिका आणि कॅनडा येथे मुलांवर झालेल्या दोन मोठ्या चाचण्या २०१८ मध्ये एकदमच प्रसिद्ध झाल्या. प्रोबायोटिक दिलेल्या आणि न दिलेल्या मुलांत दोन्हीकडे काहीच फरक आढळला नाही. अमेरिकेतील पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०२० मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांतही पोटाच्या बहुतेक तक्रारींसाठी प्रोबायोटिकची शिफारस करण्याइतका पुरावा नाही असेच म्हटले आहे. जुलाबात पहिली गरज असते मीठ-साखर-पाण्याची, म्हणजे ओआरएसची, आणि मुलांसाठी त्यासोबत जस्ताच्या गोळीची. काही रुपयांचे ओआरएस घरात नसताना शेकडो रुपयांची कॅप्सूल आणायला कोणाला शहाद्याला पिटाळणे, हा क्रम उलटा आहे.

भारतातील सर्वांत लक्षणीय काम ओडिशाच्या खेड्यांत झाले. डॉ. पिनाकी पाणिग्रही आणि सहकाऱ्यांनी साडेचार हजारांहून अधिक नवजात बालकांपैकी निम्म्यांना पहिल्या आठवड्यात सात दिवस लॅक्टोबॅसिलस प्लँटारम या जीवाणूचा एक ठराविक वाण, एका विशिष्ट शर्करेसोबत दिला. २०१७ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात निष्कर्ष आले. रक्तात जंतू पसरणे किंवा मृत्यू यांचे प्रमाण १०० मागे ९ वरून ५.४ वर आले. ज्या जिल्ह्यात अक्कलकुवा, धडगाव येथील बालकुपोषणाच्या बातम्या दरवर्षी वाचाव्या लागतात, तेथील वाचकाला या आकड्यांचे मोल वेगळे सांगायला नको. पण ती बालके दोन किलो वा अधिक वजनाची आणि जवळपास पूर्ण दिवसांची होती. फार अपुऱ्या दिवसांच्या बाळांना रुग्णालयांत दिल्या जाणाऱ्या प्रोबायोटिकबाबत २०२३ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने गंभीर संसर्गाचा इशारा दिला. तेव्हा नातवासाठी कोणी प्रेमाने थेंबांची बाटली आणली, तरी ती बालरोगतज्ज्ञांना दाखवल्याशिवाय उघडू नये.

वाण, संख्या आणि मुदत

ब्राह्मणपुरीच्या परिसरात कापसाची पेरणी करणारा शेतकरी दुकानात येऊन नुसते 'कापसाचे बी द्या' असे कधी म्हणत नाही. तो कंपनी सांगतो, वाण सांगतो, पाकिटावरची मुदत पाहतो. प्रोबायोटिकचे अगदी तसेच आहे. 'लॅक्टोबॅसिलस' ही झाली प्रजाती; 'ऱ्हॅम्नोसस' ही जाती; आणि त्यापुढे जी अक्षरे वा आकडे येतात, उदाहरणार्थ 'जीजी', तो वाण. चाचण्या होतात त्या वाणावर. एका वाणाला मिळालेले यश त्याच जातीच्या दुसऱ्या वाणाला आपोआप लागू होत नाही. ज्या डबीवर वाणाचा उल्लेखच नाही, ती नाव नसलेल्या बियाण्याच्या पिशवीसारखी समजावी.

नावांच्या बाबतीत एक गोंधळही आहे. २०२० मध्ये शास्त्रज्ञांनी लॅक्टोबॅसिलस या भल्या मोठ्या प्रजातीचे पंचवीस तुकडे केले. त्यामुळे नव्या वेष्टनांवर 'लॅक्टिकेसिबॅसिलस ऱ्हॅम्नोसस' असे जिभेला न झेपणारे नाव दिसेल. जीवाणू जुनाच आहे. आपल्याकडे अनेक वर्षे 'लॅक्टोबॅसिलस स्पोरोजेनस' या नावाने विकला गेलेला जीवाणू खरा बॅसिलस कोअ‍ॅग्युलन्स आहे.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग यांनी २०११ मध्ये प्रोबायोटिक अन्नपदार्थांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. पुढे भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१६ मध्ये नियम केले. त्यांनुसार दिवसाच्या मात्रेत किमान १० कोटी जिवंत जीवाणू हवेत, आणि वेष्टनावर वाणासह नाव, मुदत संपेपर्यंत टिकणारी संख्या, मात्रा व साठवणीचे तापमान यांचा उल्लेख हवा. येथे व्यापाऱ्याच्या डोळ्याने एक गोष्ट पाहावी. 'उत्पादनाच्या वेळी १,००० कोटी' आणि 'मुदत संपेपर्यंत १,००० कोटी' ही दोन वेगळी वाक्ये आहेत. पहिल्यात फक्त खरेदीचा आकडा आहे. गोदामात पडून माल किती घटला, हे दुसऱ्यावरूनच कळते. जीवाणू रोज थोडेथोडे मरत असतात, आणि खरेदी करणाऱ्याला हवी असते ती शिल्लक.

वेष्टनावर इंग्रजीत 'बिलियन' असते. एक बिलियन म्हणजे १०० कोटी. वर सांगितलेले ५०० कोटी म्हणजे पाच बिलियन. याहून मोठा आकडा म्हणजे अधिक चांगला माल, असे मात्र नाही. ज्या वाणाची चाचणी जेवढ्या मात्रेवर झाली तेवढीच त्याची योग्य मात्रा. दहा-बारा जातींची खिचडी असलेली महागडी डबी एका सिद्ध वाणापेक्षा श्रेष्ठ ठरतेच, याला आधार नाही.

खर्चाचाही हिशेब मांडून पाहावा. समजा, ३० कॅप्सूलची डबी ९०० रुपयांना मिळते. दिवसाला ३० रुपये, असे विक्रेता सांगेल. गरज मात्र पाच दिवसांच्या अँटिबायोटिकपुरती असेल आणि उरलेल्या कॅप्सूल कपाटात वाया जाणार असतील, तर त्या पाच दिवसांचा खरा भाव दिवसाला १८० रुपये पडला. दहाची पट्टी मिळत असेल तर मोठ्या डबीवरची सवलत ही सवलत राहत नाही.

कवच, चिकोरी आणि उकाळलेले पाणी

आजींच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत महत्त्वाचे आहे. अनेक कॅप्सूलचे कवच जिलेटिनचे असते, आणि जिलेटिन जनावरांची हाडे व कातडी यांपासून बनते. शाकाहारी कवच वनस्पतीतील सेल्युलोजपासून करतात. वेष्टनावर ते 'एचपीएमसी' किंवा 'हायप्रोमेलोज' या नावाने लिहिलेले असते. अन्नपूरक म्हणून विकल्या जाणाऱ्या डबीवर अन्न प्राधिकरणाचा चौदा अंकी परवाना क्रमांक असतो आणि चौकोनातील हिरवा गोल किंवा तपकिरी त्रिकोण असतो. औषध म्हणून विकल्या जाणाऱ्या पट्टीवर असे चिन्ह असेलच असे नाही. म्हणजे हिरवा गोल दिसला नाही म्हणून वस्तू मांसाहारी, असेही नाही आणि औषध आहे म्हणून चालेल, असेही नाही. घटकांची यादी वाचणे किंवा कंपनीला विचारणे, हाच मार्ग. चघळण्याच्या मऊ गोळ्यांतही जिलेटिन असू शकते आणि काहींत मधही.

हिरवा गोलही आपल्यासाठी पुरेसा नाही, कारण तो कंदमुळांचा विचार करत नाही. अनेक डब्यांत जीवाणूंसोबत त्यांचे खाद्य म्हणून 'इन्युलिन' घातलेले असते. ते बहुधा चिकोरीच्या मुळापासून काढतात. 'एफओएस' नावाची शर्करा साखरेपासूनही बनते आणि चिकोरीपासूनही. ज्या घरात बटाटा-कांदा येत नाही, तेथे कंद पावडरीच्या रूपाने येऊ द्यायचा का, हा निर्णय त्या घराने करायचा; पण तो नकळत होऊ नये. आयंबिलात तर दूध-दही वर्ज्य, आणि कित्येक पुड्यांत लॅक्टोज ही दुधातील साखर असते. बॅसिलस क्लॉसायच्या द्रवरूपात मिळणाऱ्या काही कुप्यांत बीजाणू आणि शुद्ध पाणी एवढेच असते. कवचाचा आणि दुधाचा प्रश्न तेथे उद्भवत नाही.

बीजाणूंचा दुसराही फायदा आहे. बॅसिलस जातीचे जीवाणू स्वतःभोवती कठीण आवरण करून झोपी जातात, त्यामुळे त्यांना उष्णता बरीच सोसते. लॅक्टोबॅसिलस आणि बायफिडोबॅक्टेरियम नाजूक. त्यांतील काहींना २ ते ८ अंश तापमान लागते. नंदुरबारच्या उन्हाळ्यात पारा चाळीशी ओलांडतो. कुरिअरच्या गाडीत दुपारभर तापलेली, मग वीज गेलेल्या घरातल्या फ्रिजमध्ये पोहोचलेली अशी डबी आतून कितीशी जिवंत असेल? एप्रिल-मे महिन्यांत घरपोच मागवण्यापेक्षा शीतसाखळी सांभाळणाऱ्या दुकानातून घेणे, अथवा साध्या तापमानाला टिकणारा प्रकार डॉक्टरांना विचारून निवडणे अधिक शहाणपणाचे.

आपल्या घरांतील आणखी एक सवय येथे आड येते. उकाळलेले पाणी पिणारे लोक पुडी बऱ्याचदा कोमट म्हणून चांगल्याच गरम पाण्यात मिसळतात. नाजूक जीवाणू त्यात मरतात. पाणी उकळून पूर्ण गार झाल्यावरच पुडी मिसळावी. चहात वा गरम वरणात तर मुळीच नाही.

वेळेचा प्रश्न दिसतो तेवढा कठीण नाही. अनेक वाण जेवणासोबत किंवा त्याआधी अर्ध्या तासाच्या आत घेतले तर जठरातील आम्लातून अधिक संख्येने पार पडतात. त्यामुळे नवकारशी पारून न्याहारीसोबत किंवा दुपारच्या जेवणात कॅप्सूल घेता येते. रात्री घेण्याची काहीच निकड नसते. जीवाणूंची कॅप्सूल आणि अँटिबायोटिक यांत किमान दोन तासांचे अंतर ठेवावे. सॅकॅरोमायसेस बुलार्डी ही बुरशीवर्गातील यीस्ट आहे. १९२० च्या दशकात हेन्री बुलार्ड यांना ती इंडोचायनात लिची आणि मँगोस्टीन या फळांच्या सालीवर सापडली. जीवाणूंवरच्या अँटिबायोटिकने ती मरत नाही, म्हणून तिला हे अंतर लागत नाही. खरी अडचण अँटिबायोटिकचीच असते. बारा तासांनी दोनदा घ्यायचे औषध चौविहारात बसत नसेल, तर ते चुपचाप एक वेळ करू नये. दिवसातून एकदाच घ्यायचा पर्याय आहे का, हे डॉक्टरांना चिठ्ठी लिहितानाच विचारावे.

कर्करोगावरील उपचार चालू असलेले, अवयवरोपण झालेले, शिरेत कायमची नळी असलेले आणि अतिदक्षता विभागातील रुग्ण यांना जिवंत जीवाणू वा यीस्ट डॉक्टरांच्या स्पष्ट सांगण्याशिवाय देऊ नये. शौचातून रक्त, कारण नसता घटणारे वजन, पंडुरोग, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, किंवा पन्नाशीनंतर अचानक बदललेली शौचाची सवय ही लक्षणे तपासणीची आहेत. त्यांवर महिना महिना कॅप्सूल खात बसल्याने निदान लांबते. आपल्या दुकानदार मंडळींत गादी सोडून दवाखान्यात जाण्याचा कंटाळा फार, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

आणि ज्याला काहीच तक्रार नाही, फक्त पोट चांगले राहावे अशी इच्छा आहे? त्याने आतड्यात आधीपासून राहणाऱ्या जीवाणूंना जेवू घालावे. ज्वारी-बाजरीची भाकरी, मूग-मटकीसारखी कडधान्ये आणि शहादा परिसरात विपुल पिकणारी पपई यांतील चोथा हे त्यांचे खाद्य. बटाट्याऐवजी जैन स्वयंपाकात येणाऱ्या कच्च्या केळ्यातील पिष्टाचा काही भाग न पचता मोठ्या आतड्यापर्यंत पोहोचतो. शिजवल्याने तो घटतो, पण अजिबात संपत नाही. मर्यादेतले ताजे दही चालत असेल तर उत्तमच. त्यात जिवंत जीवाणू असतात, मात्र वाण व संख्या ठाऊक नसल्याने शास्त्रीय अर्थाने त्याला प्रोबायोटिक म्हणत नाहीत. तापवलेल्या ताकाच्या कढीत तेही जिवंत राहत नाहीत. कढी तेवढ्यासाठी कोणी सोडणार नाही.

औषध घेतले तर किती दिवस, हे चिठ्ठीवर लिहून घ्यावे. अँटिबायोटिकसोबत दिलेली कॅप्सूल बहुधा त्या औषधाच्या मुदतीपुरती किंवा त्यानंतर थोडे दिवस असते. इतर तक्रारीसाठी चार आठवडे घेऊनही फरक पडला नाही, तर तो वाण आपल्यासाठी नाही असे समजून बंद करावे आणि डॉक्टरांना तसे सांगावे. उरलेली पट्टी पुढच्या चातुर्मासासाठी देवघराशेजारच्या कपाटात ठेवून देऊ नये.